दिवाळीची पिशवी मंडईपर्यंत पोचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा उलटून माळ्यावरचे फराळाचे डबे खाली निघाले की बोहरी आळीत आणि तुळशीबागेत चमचमत्या कागदी पिशव्यांच्या चळती लागतात. अलीकडे त्यांच्याऐवजी फराळ, उटणे, रंगवलेल्या पणत्या, घरी केलेला साबण अशा हाताच्या वस्तू कापडी पिशवीतून देण्याची चाल पडते आहे. चाल चांगलीच आहे. पण त्यातल्या किती पिशव्या तुळशीच्या लग्नानंतर वापरात राहतात, ते कोणत्याही घरातला पिशव्यांचा खण उघडला की कळते. एकीत डबा सरळ बसत नाही, दुसरीचा बंद दोन किलो बटाट्यांत निखळतो, तिसरी पहिल्याच धुण्यात आटून बसलेली असते. हौस पुरेपूर असते. चुकते ते माप, कापड आणि टीप. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी एक आकडा. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब निघाला होता, की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी ठरायचा असेल तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली गेली पाहिजे. कापूस पिकवायचा, सूत काढायचे, विणायचे, एवढे सगळे त्या पिशवीत आधीच खर्ची पडलेले असते. आठवड्यातून दोनदा भाजीला न्यायची म्हटले तर हे सव्वा वर्षाचे काम झाले. जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी असेल तर हिशेब पुष्कळ सैल होतो, कारण तो कापूस केव्हाच पिकून, विणून, नेसून झालेला असतो. पण नवे कापड आणून शिवलेली पिशवी कपाटात पडून राहिली, तर तिच्यापेक्षा कागदी बरी म्हणायची वेळ येते. तेव्हा पिशवी दिसते कशी हा प्रश्न दुसरा. ती सव्वा वर्ष टिकेल का, हा पहिला.

कापड म्हणून जे हातात पडते ते कापडच आहे का, हेही पाहायला हवे. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली, तरी कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी अजून ‘कापडी’ म्हणून दिली जाते. ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. तिच्यात उभा-आडवा धागा नसतो, त्यामुळे सुईचे भोक बुजत नाही आणि टिपेच्या रेषेवरच ती टराटरा फाटते. तिच्यावर शिवणकाम करण्यात अर्थ नाही.

नव्या कापडात मांजरपाटाला तोड नाही. स्वस्त, घट्ट, इस्त्रीला बसणारे आणि मशीनखाली न सरकणारे असे हे कापड कापडगंजात सहज मिळते. घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा आणि तागा उजेडाकडे धरून पाहावा; धाग्यांमधून पलीकडचा माणूस ओळखू येत असेल तर ते अस्तराला घ्या, पिशवीला नको. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि ते आटते. मीटरमागे पाच-सात सेंटीमीटर सहज जातात. म्हणून कापण्याआधी ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, पिळून, वाळवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करून घ्यावे. हे टाळले तर पिशवी नंतर आटते, पण टिपेचा पॉलिएस्टर दोरा आटत नाही. मग शिवणींना चुण्या पडतात आणि त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. रुमालाएवढ्या झालेल्या पिशव्यांचे मूळ या एका टाळलेल्या धुण्यात असते.

जुन्या कापडाचे शास्त्र वेगळे. चादर मधे विरलेली असते, कडेला धडधाकट. सदऱ्याची पाठ चांगली, कॉलर आणि काखा गेलेल्या. दोन अंगठ्यांमध्ये धरून झटका द्यावा. ‘चर्र’ असा आवाज आला तर ते पायपुसण्याचे कापड. साडेपाच मीटरची सुती साडी कागदावर मोठी आशा दाखवते. ४५ इंच पन्हा आणि साधारण २१६ इंच लांबी, म्हणजे नाडीच्या लहान पिशवीचे ९ इंच बाय २३ इंचांचे ४५ तुकडे. प्रत्यक्षात निऱ्यांची खालची बाजू घासलेली असते आणि खोचण्याची जागा विटलेली, त्यामुळे ३० मिळाले तरी हात जोडावेत. साडीचे कापड एकेरी वापरायचे तर फक्त नाडीच्या लहान पिशवीला. सामान उचलायच्या पिशवीला ते दुहेरी घ्यावे. फॉल मात्र फेकू नका. तो उसवून इस्त्री केला की बंदांसाठी तयार लांब पट्टी मिळते, आणि तो साडीपेक्षा दणकट असतो. पूर्ण बाहीच्या सदऱ्याची बाही ही तर आयती नळी. मनगटाकडचा कफ कापून तळ शिवला की सरबताच्या बाटलीची पिशवी झाली.

खणाच्या कापडाबद्दल दोन शब्द, कारण दिवाळीत सगळ्यांचा हात तिकडेच जातो. खण दिसतो देखणा, पण कापलेल्या कडेने उसवत जातो. अर्धा इंच सोडलेली जागा तुमच्या डोळ्यांसमोर पाव इंच होते. शिवाय बाजारातला बराचसा खण आता पॉलिएस्टर मिसळलेला असतो आणि गरम इस्त्रीला चिकटतो. एक धागा काढून जाळून पाहावा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सूत, टोकाला कडक गोळी आली तर पॉलिएस्टर. पूर्ण पिशवी खणाची करण्यापेक्षा मांजरपाटाच्या पिशवीवर खणाचा एक खिसा लावावा. हौसही भागते आणि वजन मांजरपाट उचलते.

आता माप. बहुतेक जण कापड समोर घेऊन ‘एवढी पुरेल’ असे ठरवतात आणि तिथेच फसतात. माप वस्तूवरून घ्यायचे असते. समजा, फराळाचा खोका १० इंच लांब, ७ इंच रुंद आणि ४ इंच उंच आहे. पिशवीच्या तुकड्याची रुंदी काढताना लांबी आणि रुंदी मिळवावी, म्हणजे १७. त्यात १ इंच सैलपणा आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींना मिळून १ इंच. झाले १९. उंचीला खोक्याचे ४, बुडासाठी रुंदीचे निम्मे म्हणजे साडेतीन, तोंडाशी मोकळे ३ आणि दुमडीला दीड, बेरीज १२. पिशवी एकाच तुकड्याची, तळाशी घडी घालून करायची असल्याने हे दुप्पट, म्हणजे २४. तुकडा १९ बाय २४ इंचांचा. तळाला शिवण नाही, त्यामुळे तळ फाटण्याची भीती नाही. हे सूत्र कोणत्याही खोक्याला लागू पडते. आकडे तेवढे बदलायचे.

या मापाला एक फायदा असा, की खोका काढून घेतल्यावर उरणारी पिशवी दोन किलो भाजीला बरोबर पुरते. सहा इंचांच्या नाजूक पिशव्या भेट म्हणून गोड दिसतात, पण त्यात मेथीची जुडी उभी राहत नाही.

बंदांच्या पट्ट्या ३ इंच रुंद आणि २१ इंच लांब, प्रत्येक पिशवीला दोन. ४४ इंच पन्ह्याचे कापड धुतल्यावर ४२ इंचांच्या आसपास भरते. त्यात शेजारी-शेजारी १९ इंचांचे दोन तुकडे बसतात आणि कडेला ४ इंच उरतात, त्यातून एक बंद उभा निघतो. बाकीचे आडव्या पट्ट्या कापून. असे दहा पिशव्यांना धुतल्यानंतरचे पावणेचार मीटर लागते, म्हणून दुकानात सव्वाचार मीटर मागावे. उभ्या धाग्यात कापलेला बंद कमी ताणतो, आडवाही चालतो. उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापलेला बंद मात्र भाजीच्या वजनाने लांबत-लांबत गुडघ्यापर्यंत येतो. खांद्याला अडकवायची पिशवी हवी असेल तर पट्टी २८ इंचांची घ्यावी.

किनार तुकड्यात येऊ देऊ नये, असे पुस्तकी लोक सांगतात, कारण ती घट्ट विणलेली असते आणि वेगळी आटते. कापड आधी धुतलेले असेल तर किनार शिवणीच्या जागेत आली तरी बिघडत नाही. उलट तेवढी कड उसवण्यापासून वाचते.

मशीनची तयारी दोन मिनिटांची, पण तिच्यावाचून निम्मी पिशवी उसवावी लागते. मांजरपाटाला १४ नंबरची सुई, जीन्स किंवा जाड कॅनव्हासला १६, साडीच्या पातळ कापडाला ११. सुई बोथट असेल तर ती धागा बाजूला सारण्याऐवजी तोडते, आणि ‘टक् टक्’ असा आवाज येतो. दहा-बारा पिशव्या झाल्या की सुई बदलावी. टाका इंचाला १० असावा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा. टाका जितका बारीक तितकी शिवण पक्की, हा समज बंदाच्या जागी घात करतो. फार बारीक टाक्यांनी कापडाला टपाल तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि दोरा शाबूत राहून कापड फाटते. आजीच्या डब्यातली सुती दोऱ्याची रिळे दिसायला सुंदर असतात. हात-दीड हात दोरा घेऊन ओढून पाहावा, पटकन तुटला तर तो कच्चे टाके घालायला ठेवावा. पिशवीला स्पन पॉलिएस्टर दोरा बरा.

खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर बॉबिनला दोष देण्याची रीत आहे, पण दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. मशीनचा पाय वर उचलून दोरा पुन्हा ओवावा. पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरूनच घसरतो. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण अर्धा फेरा सैल करावा. एवढ्याने न सुटणारे दुखणे दुरुस्तीवाल्याचे.

शिवायला घेताना बाजूच्या शिवणीसाठी बंद शिवण, म्हणजे कापलेली कड आत मिटवणारी दुहेरी शिवण, वापरावी. घरच्या साध्या मशीनवर कडा झाकायचा हाच खात्रीचा उपाय. कापड तळाशी दुमडताना सुलट बाजू बाहेर ठेवायची, हे पहिल्यांदा करणाऱ्याला उलटे वाटते, पण तसेच आहे. दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची. मग त्या कडा छाटून निम्म्या करायच्या, पिशवी उलटी करायची, शिवण नखाने किंवा इस्त्रीने दाबून घ्यायची आणि पुन्हा पाव इंचावर दुसरी टीप. कापलेली कड आत कोंडली जाते. प्रत्येक बाजूला मिळून अर्धा इंच जातो, तोच आपण मापात धरला होता. छाटणी आळसाने राहिली तर दुसऱ्या टिपेच्या बाहेर धाग्यांच्या मिशा निघतात. त्या दिसल्या की पिशवी घरची नाही, घाईची वाटते. आणि छाटताना टिपेच्या अगदी जवळ जाऊ नका, दोन धागे राहिले तर धुण्यात तेही निघतात.

हे नको असेल तर साधी शिवण घालून कडा इंटरलॉक करून घ्याव्यात. पुण्यात दर दोन चौकांआड ‘पिको, फॉल, इंटरलॉक’ची पाटी आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र तिथे ब्लाउजांचे ढीग असतात, पिशव्यांना कोणी हात लावत नाही. काम आधी न्यावे.

बूड हा या पिशवीचा आत्मा, आणि त्यालाच लोक घाबरतात. पिशवी उलटी असतानाच तळाचा कोपरा असा चिमटीत धरायचा, की बाजूची शिवण तळाच्या घडीच्या बरोबर वर येईल. टोकदार त्रिकोण तयार होतो. टोकापासून शिवणीवरून साडेतीन इंच मोजून खूण करायची आणि तिथे शिवणीला काटकोनात आडवी रेघ मारायची. ही रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ७ इंच भरली पाहिजे, म्हणजे खोक्याच्या रुंदीएवढी. भरत नसेल तर शिवण घडीवर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ, पुन्हा धरावे. रेघेवरून दोनदा टीप मारायची. त्रिकोण कापून टाकायची गरज नाही. दोन्ही त्रिकोण बुडाखाली दुमडून टोकाला चार टाके घातले की बुडाचा तिसरा हिस्सा तरी दुहेरी होतो. बंद शिवणीचा जाडा भाग इथे येतो, तिथे चाक हाताने फिरवावे. पायडल मारत गेले तर सुई मोडते, आणि मोडलेल्या सुईचा तुकडा शोधल्याशिवाय ती पिशवी कोणाला द्यायची नाही.

तोंडाची दुमड अर्धा इंच आणि मग १ इंच, दोन्ही वेळा इस्त्रीने बसवून. बंद तयार करताना ३ इंचांची पट्टी उभी अर्ध्यात दुमडून घडी पाडायची, उघडायची, दोन्ही कडा त्या घडीपर्यंत आणायच्या आणि परत मिटायची. चार पदरी, पाऊण इंच रुंद बंद होतो. दोन्ही कडांना टीप मारावी, एकाच कडेला मारली तर बंद धुण्यात पिळवटतो.

बंद लावण्याची जागा ठरवताना बूड विसरू नये. सपाट पडलेली पिशवी १८ इंच रुंद दिसते, पण उभी राहिली की समोरची बाजू १० इंचांचीच असते. मधल्या खुणेपासून दोन्हीकडे अडीच-अडीच इंचांवर बंदाची टोके आली की बंद समोरच्या बाजूच्या आत बसतात. कडेला लावले तर पिशवीचे तोंड फाकते आणि सामान एकीकडे कलते. बंदाचे टोक दुमडीखाली सरकवायचे, दुमडीची खालची टीप पूर्ण फिरवायची, मग बंद वर वळवून त्या जागी चौकोन आणि चौकोनात फुली. चौकोनामुळे वजन दुमडीच्या सगळ्या पदरांत वाटले जाते. नुसती एक आडवी टीप मारली तर सगळे ओझे एका रेषेवर येते, आणि घरातल्या पिशव्यांच्या खणात पडलेल्यांचे बंद तिथेच निखळलेले असतात. काही जुन्या काळ्या मशीनना मागे शिवण्याची कळ नसते. सुई कापडात रोवून, पाय उचलून, कापड उलटे फिरवून त्याच टिपेवरून चार टाके परत यावे. शिवण्यापूर्वी बंद बोटाला अडकवून एकदा पाहावा. एक टोक समोर आणि दुसरे पाठीमागे लागण्याचा प्रकार सरावलेल्या हातांकडूनही होतो, रात्री अकरानंतर विशेष.

बुडाशी जुन्या दिनदर्शिकेचा पुठ्ठा पावणेदहा बाय पावणेसात इंचांचा कापून टाकला की खोका डगमगत नाही. धुताना तो काढायचा, म्हणून शिवून टाकू नये.

लाडवांच्या गोल डब्याला, साबणाला, उटण्याला नाडीची पिशवी बरी. आपल्या भाषेत पिशवीला शब्दांचा तोटा नाही: बटवा, चंची, कसा, झोळी, पडशी, धोकटी. प्रत्येकीचा धनी वेगळा आणि माप वेगळे. नाडीची पिशवी म्हणजे मोठा बटवाच. गोल डब्याला टेप गुंडाळून घेर घ्यावा. ७ इंच व्यासाच्या, ४ इंच उंच डब्याचा घेर २२ भरतो. निम्मा ११, सैलपणाला १, शिवणींना १, असे १३ इंच रुंद. उंचीला डब्याचे ४, बुडाला साडेतीन, वर मिटायला साडेतीन, नेफ्याला, म्हणजे नाडी ओवायच्या दुमडीला, दीड; साडेबारा, आणि घडी घालून २५. कोपरे टोकापासून ३ इंचांवर शिवले की डबा सरळ बसतो. शंभर ग्रॅम उटण्याला ५ बाय १५ इंचांचा तुकडा पुरतो, त्याला बुडाची गरज नाही.

इथे बंद शिवण नको, नाडीच्या तोंडाशी ती गुंता करते. कडा आधी इंटरलॉक किंवा झिगझॅग करून, सुलट बाजू आत ठेवून, अर्ध्या इंचावर साधी शिवण. दोन्ही बाजूंना वरून अडीच इंच शिवायचे नाही, हेच सगळ्यांत जास्त विसरले जाते. तिथे शिवण उघडी पाडून कडेने टीप मारायची, मग पाव इंच आणि सव्वा इंच दुमडून नेफा. समोरचा नेफा वेगळा, मागचा वेगळा. नाड्या दोन. एक डावीकडून आत जाऊन पूर्ण फेरा मारून डावीकडेच बाहेर येते, दुसरी उजवीकडून तशीच. दोन्हीकडून ओढले की तोंड मधोमध मिटते. एकच नाडी घातली तर पिशवी एका अंगाला ओढली जाते. प्रत्येक नाडी पिशवीच्या तयार रुंदीच्या दुप्पट अधिक ८ इंच. १२ इंच रुंद पिशवीला ३२. तुळशीबागेतली सॅटिनची नाडी चकचकीत असते, पण तिची गाठ सुटते. सुती गोल नाडी घ्यावी, किंवा त्याच कापडाची दीड इंचांची पट्टी चार पदरी शिवावी. ओवायला सेफ्टी पिन, आणि ओवून झाल्याबरोबर टोकांना गाठ, नाहीतर पहिल्या ओढीतच नाडी नेफ्यात गडप होते.

मशीन नसलेल्यांनी मागे राहू नये. उटण्याची पिशवी हाताने तासाभरात होते. मात्र धावदोऱ्याने नव्हे. धावदोरा एका जागी तुटला की ओघळत जातो. उलटी टीप घालावी, टाका दीड-दोन मिलिमीटरचा, दोरा दुहेरी.

सजावटीत हात आखडता घ्यावा. बटाट्याचा ठसा कापून कुयरी किंवा रांगोळीचे ठिपके कापडावर लावायच्या रंगात उमटवता येतात. रंग चोवीस तास वाळू द्यावा आणि उलट बाजूने इस्त्री करावी, म्हणजे तो धुण्यात टिकतो. हे पिशवी शिवण्याआधी, सपाट तुकड्यावर करायचे. डिंकाने चिकटवलेली लेस आणि आरसे पहिल्या पाण्यात सुटतात. आणि कृपा करून ‘शुभ दीपावली’ व साल छापू नका. साल छापले की पिशवी त्या वर्षाची होते. पुढच्या वर्षी ती बाहेर काढायला माणूस संकोचतो, आणि १३१ वेळांचा हिशेब तिथेच बुडतो. साल न छापलेली पिशवी संक्रांतीच्या वाणालाही चालते.

फराळ थेट कापडात भरू नये, हेही सांगायला हवे. कापडातून दमट हवा आत जाते. चकली मऊ पडते आणि लाडवाचे तूप कापडाला लागते. आत घट्ट झाकणाचा डबा किंवा बरणी, बाहेर पिशवी. आणि तळलेल्या पदार्थांखाली वर्तमानपत्राचा कागद घालू नये, छपाईची शाई तेलाबरोबर पदार्थाला लागते. आपल्याच दैनिकात हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण त्याची भरपाई पुढे केली आहे. तुपाचा डाग पडलाच तर पाणी लावण्याआधी त्यावर डाळीचे पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवावी, तासाभराने झटकून भांड्यांच्या साबणाने चोळावे. रंगीत कापडाची पिशवी पहिल्या दोन धुण्यांना वेगळी.

शेजारचा डबा रिकामा परत करू नये, त्यात चिमूटभर का होईना साखर घालून द्यावी, ही आपल्याकडची रीत. पिशवीचे काय करायचे, हे कोणी सांगितलेले नाही. घेणाऱ्याला पिशवी ठेवून घ्यायची आहे, हे त्याला कळावे म्हणून आत एक चिठ्ठी घालावी: ‘डबा परत द्यावा. पिशवी तुमची, भाजीला न्यावी.’ पुण्यात पाट्यांना कोणी रागावत नाही.

आता आपल्याला एक विनंती. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचे जोडपान उघडले की साधारण २६ बाय २१ इंच भरते. १९ बाय २४ इंचांची वरची बेतणी त्यात आडवी नेमकी मावते. दिवाळीआधीच्या रविवारच्या पुरवणीत मधल्या जोडपानावर ही बेतणी पूर्ण मापात छापावी: बाहेरची कापायची रेघ जाड, दुमडीची तुटक, बूड टोकापासून साडेतीन इंचांवर, आणि मधल्या खुणेच्या दोन्हीकडे अडीच इंचांवर बंदांच्या फुल्या. साडीच्या तुकड्याच्या लहान नाडीच्या पिशवीचा ९ बाय २३ इंचांचा चौकोन त्याच्याच पोटात वेगळ्या रेघेने बसतो. छापताना पान थोडे लहान-मोठे होते, म्हणून समासात बरोबर ५ इंचांची एक रेघ द्यावी, ती टेपने मोजून वाचकाला पान बरोबर आहे की नाही ते पाहता येईल. रेघ पावणेपाच भरली तर प्रत्येक बाजूने किती वाढवायचे, तेही तिथेच एका ओळीत छापावे. आणि पान कापडावर ठेवून त्यावर इस्त्री फिरवू नये, पांढऱ्या मांजरपाटावर अग्रलेख उमटतो. आधी खाकी कागदावर गिरवून घ्यावे, ही सूचना ठळक अक्षरांत असावी.

आपल्या,
शिवणवर्गात शिकवणाऱ्या काहीजणी,
सदाशिव पेठ, पुणे